तुकडा काढावा की काढू नये?

यकृताच्या कर्करोगाची शंका आली आणि डॉक्टर म्हणाले, ‘तुकडा काढून तपासावा लागेल’, की घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो ‘सुई लावल्यावर पसरणार नाही ना?’ हाच. गाठीला हात लावला की ती खवळते, ही समजूत शहरात आणि खेड्यात, शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत सारखीच आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. यकृताच्या बाबतीत तिच्यात तथ्याचा अंश आहे, आणि खुद्द वैद्यकशास्त्राने गेली पंचवीस वर्षं या एका अवयवासाठी बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा न काढता, निदान करण्याचे नियम बांधले आहेत. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या कर्करोगात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय औषध सुरू करायला डॉक्टर सहसा धजत नाहीत. इथे मात्र नुसत्या सीटी स्कॅनवर सुरू करतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. अडचण अशी की हे नियम एका ठरावीक रुग्णासाठी केलेले होते आणि त्यांची सवय मात्र सगळ्यांनाच लागली. आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो तेव्हा सुईने होऊ शकणाऱ्या नुकसानाचं वजन घटतं आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीचं वाढतं. तरी तिथेच ‘आता कशाला त्रास द्यायचा’ म्हणून ती टाळली जाते. हा हिशेब उलटा आहे, आणि त्यात बरा होऊ शकणारा किंवा वर्षानुवर्षं तगू शकणारा माणूस हातचा जातो, असं मला वाटतं. तेच इथे पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी बायोप्सी टाळण्याची बाजू पुरती समजून घेऊ. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं आणि उरलेलं यकृताच्या धमनीतून. यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून होणारा कर्करोग, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, वाढत जातो तसा जवळजवळ सगळं रक्त धमनीकडून ओढू लागतो. म्हणून शिरेत रंगद्रव्य सोडून ‘ट्रिपल फेज’ सीटी किंवा एमआरआय केला, तर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास, धमनीतलं रक्त पोचतं तेव्हा, गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. नंतरच्या फोटोंत यकृत उजळतं आणि गाठीतलं द्रव्य ओसरून ती काळवंडते. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कठीण झालेल्या, यकृतात ही उजळून काळवंडण्याची खूण दिसली, तर दुसरं काही असण्याची शक्यता फार थोडी उरते. बार्सिलोनात २००० साली युरोपातले यकृततज्ज्ञ जमले आणि अशा रुग्णात तुकडा न काढता निदान करायला पहिल्यांदा रीतसर मान्यता मिळाली. पुढे २०११ मध्ये अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ‘लाय-रॅड्स’ ही श्रेणीपद्धत आणली. तिच्या पाचव्या श्रेणीत बसलेली गाठ शंभरात सुमारे ९४ वेळा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाच निघते. एवढी खात्री असताना रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या सिरॉसिसच्या यकृतात सुई घालायची गरज नाही, हा निर्णय शहाणपणाचाच होता. माझं भांडण त्याच्याशी नाही.

पण लाय-रॅड्सच्या नियमावलीत सुरुवातीलाच एक अट आहे: ही पद्धत सिरॉसिस असलेल्या, जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या, किंवा यकृताचा हाच कर्करोग आधी सिद्ध झालेल्या प्रौढांनाच लागू करायची. लहान मुलांना नाही, जन्मजात फायब्रोसिस असलेल्यांना नाही, आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद झाल्याने सिरॉसिस झालेल्यांना, म्हणजे बड-कियारीच्या रुग्णांनाही नाही. कारण त्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठीसुद्धा तशाच उजळतात. युरोपच्या यकृतसंघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की सिरॉसिस नसेल तर निदान पेशी पाहूनच पक्कं करावं. हे वाचताना आपल्या ओपीडीतली गर्दी डोळ्यांसमोर आणावी. मधुमेह, सुटलेलं पोट आणि फॅटी लिव्हर हे त्रिकूट आता घराघरांत आहे, आणि फॅटी लिव्हरमधून होणाऱ्या कर्करोगाचा लक्षणीय भाग सिरॉसिस न होताच उद्भवतो. म्हणजे स्कॅनवर विसंबण्याची अट ज्यांच्या बाबतीत पुरी होत नाही अशा रुग्णांची संख्या वाढते आहे. त्यात आपल्याकडे बहुतेक लोक डॉक्टरांपर्यंत पोचतात तेच मुळी उशिरा. तेव्हा गाठ मोठी झालेली असते, मधोमध सडलेली असते, पोर्टल शिरेत शिरलेली असते, आणि पुस्तकातल्या चित्रासारखी उजळून काळवंडायचं तिने सोडून दिलेलं असतं. लाय-रॅड्समध्ये यासाठी एक वेगळी श्रेणी आहे, ‘एम’: गाठ कर्करोगाची दिसते, पण नक्की कुठल्या ते सांगता येत नाही. या श्रेणीतल्या गाठींचे तुकडे तपासले तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा हिपॅटोसेल्युलरच निघाला, बाकीच्यांपैकी बहुतेक दुसरे कर्करोग होते. स्कॅन स्वतःच ‘मला माहीत नाही’ म्हणत असताना त्याच्यावर ‘हेपॅटोमा’, म्हणजे यकृताचाच कर्करोग, असा शिक्का मारून गोळ्या लिहिणं याला निदान म्हणता येत नाही.

रक्तातल्या एएफपी या प्रथिनाच्या तपासणीचा आधार घेतला जातो, तोही तोकडा आहे. एएफपी हजारांत असेल आणि स्कॅन जुळत असेल तर शंका बळावते, हे खरं. पण हा कर्करोग असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत एएफपी वाढलेलंच नसतं. उलट हिपॅटायटिस भडकला की ते वाढतं, अंडकोषाच्या किंवा बीजांडाच्या काही गाठींत वाढतं, जठराच्या एका प्रकारच्या कर्करोगातही वाढतं.

मग ती गाठ दुसरी कोण असू शकते? ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. सिरॉसिस नसलेल्या यकृतात सापडणाऱ्या कर्कगाठींमध्ये यकृतात जन्मलेल्यांपेक्षा बाहेरून आलेल्या गाठी पुष्कळ जास्त असतात: मोठ्या आतड्यातून, स्वादुपिंडातून, जठरातून, स्तनातून, फुप्फुसातून. स्तनाच्या कर्करोगाची गाठ यकृतात गेली असेल तर तिच्यावर पुष्कळदा हार्मोनच्या गोळ्या चालतात, आणि ती हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत. आतड्यातून आलेल्या मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्यातले काही रुग्ण पुरते बरे होतात. यकृतातल्या पित्तनलिकांचा कर्करोग, कोलँजिओकार्सिनोमा, हा हिपॅटोसेल्युलरचा शेजारी. पण त्याची औषधं निराळी. न्यूरोएंडोक्राइन गाठी यकृतात पसरलेल्या असल्या तरी अनेकदा संथ असतात आणि योग्य उपचारांवर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करतो. त्यांच्यासाठीचं ल्युटेशियम-१७७ तर मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होतं आणि परळला त्याच केंद्राच्या उपचार विभागात दिलं जातं. यकृतात लिम्फोमा क्वचित होतो, पण झाला तर तो केमोथेरपीने बरा होण्याची खरी आशा असते. आणि काही गाठी कर्करोगाच्या नसतातच. आपल्या देशात क्षय यकृतातही गाठ करून बसतो. अमीबाचा जुना गळू तापाशिवाय आला तर स्कॅनवर फसवतो. सहा महिन्यांच्या क्षयाच्या गोळ्यांनी जो माणूस बरा व्हायचा, त्याला ‘लिव्हर कॅन्सर, शेवटची स्टेज’ असं सांगून घरी पाठवणं यापेक्षा मोठी चूक वैद्यकात क्वचितच असेल. असे रुग्ण शंभरात थोडेच असतात, हे मला मान्य आहे. पण ते थोडे कोण, हे वरून ओळखू येत नाही, म्हणून तर सुई लागते.

‘पुढच्या टप्प्यात नाव कळून काय करायचं, औषध तर एकच आहे’ असं पूर्वी म्हणता यायचं. सोराफेनिब ही गोळी यकृताच्या कर्करोगासाठी २००७ साली आली, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत तिने मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं. लाभ तीन महिन्यांचाच, पण तोवर कुठल्याच औषधाला तेवढंही जमलं नव्हतं. भारतात ती गोळी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिलाच, आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपयांवर आली. बायर कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला. सामान्य रुग्णाच्या दृष्टीने हा निकाल फार मोठा होता. मात्र स्वस्त गोळीचा एक दुष्परिणाम असा झाला असावा असं मला वाटतं, की ‘यकृतात गाठ आहे ना, मग ही चालू करून बघू’ म्हणणं सोपं झालं. ही गोळी पित्तनलिकेच्या कर्करोगावर किंवा आतड्यातून आलेल्या गाठीवर द्यायची गोळी नव्हे. हातापायांची कातडी सोलवटणं, जुलाब, थकवा हे तिचे त्रास मात्र निदान चुकलं तरी भोगावेच लागतात.

आता तर औषध एक राहिलेलंच नाही. २०२० साली ‘आयएमब्रेव्ह-१५०’ चाचणीने अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी सोराफेनिबपेक्षा सरस असल्याचं दाखवलं. पुढच्या पाहणीत मध्यक आयुष्य १३.४ ऐवजी १९.२ महिने भरलं. २०२२ मध्ये ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब यांची जोडी आली. तिकडे पित्तनलिकेच्या कर्करोगात जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन हा २०१० पासूनचा पाया आहे. एकट्या जेमसिटाबिनवर ८.१ महिने, जोडीवर ११.७. त्यावर आता इम्युनोथेरपीची भर पडली आहे. शिवाय यकृतातल्या पित्तनलिकांच्या कर्करोगात दहा-पंधरा टक्के रुग्णांत एफजीएफआर-२ जनुकाची जोडणी बदललेली असते, काहींत आयडीएच-१ जनुक बिघडलेलं असतं, आणि दोन्हींवर नेमकी औषधं आहेत. ती महाग आहेत, सगळ्यांच्या आवाक्यात नाहीत. पण स्वस्त उपचारांतही दोन वाटा इतक्या निराळ्या झाल्या आहेत, की फाट्यावर पाटी न वाचता चालू लागणं परवडणारं नाही. आणि काही गाठी दोन्ही स्वभावांच्या, मिश्र असतात. त्या तर स्कॅनवर हमखास हुलकावणी देतात.

इथे सुईचं प्रत्यक्ष काम पाहू, कारण तिच्याविषयीची भीती बरीचशी न पाहिल्यामुळे आहे. यकृतात सुई घालून नमुना घेण्याचं श्रेय १८८३ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांना दिलं जातं. १९५८ मध्ये इटलीच्या मेंगिनींनी सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहील अशी पद्धत शोधली आणि मग ही तपासणी जगभर पसरली. तेव्हा यकृत कुठे असेल त्याचा अंदाज बोटांनी ठोकून घेत. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर किंवा सीटीवर सुईचं टोक दिसत असतं. रुग्ण जागा असतो. कातडीपासून यकृताच्या वेष्टणापर्यंत लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, कारण दुखतं ते कातडीला आणि वेष्टणाला. यकृताच्या आत वेदना कळत नाही. सुरीच्या टोकाने दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, टाका लागत नाही. आधी एक बाहेरची पोकळ सुई गाठीच्या काठापर्यंत नेऊन तिथेच ठेवतात. ‘श्वास धरा’ म्हणतात. आतल्या सुईच्या बंदुकीची स्प्रिंग सुटते, टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज ऐकून माणूस दचकू नये म्हणून चांगले रेडिओलॉजिस्ट बटण दाबण्याआधी एकदा तो हवेत ऐकवतात. बाहेर येतो तो एक-दोन सेंटिमीटर लांबीचा, शेवयीपेक्षाही बारीक धागा. बाहेरची सुई जागेवर असल्याने त्याच वाटेने दोन-तीन धागे घेता येतात. वेष्टणाला मात्र एकदाच भोक पडतं. नंतर काही तास पडून राहायचं, नाडी आणि रक्तदाब बघत राहायचं. पुष्कळांचा उजवा खांदा दुखतो. यकृतावरच्या पडद्याची आणि खांद्याची चेता मानेत एकाच ठिकाणी जात असल्याने तसं होतं. त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं.

तो धागा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला की दुसरं काम सुरू होतं, आणि ते रुग्णाला कधी दिसत नाही. धागा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून काचेवर घेतात, रंगवतात. निरोगी यकृतात पेशींच्या ओळी एक-दोन पेशी रुंद असतात आणि त्यांना रेटिक्युलिन तंतूंची बारीक चौकट असते. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमात ओळी जाड होतात, चौकट मोडते. तरीही शंका राहिली तर विशेष रंग लावतात: आर्जिनेज-१ आणि हेप-पार-१ पेशी यकृताच्याच आहेत का ते सांगतात, ग्लायपिकन-३, एचएसपी-७० आणि ग्लुटामीन सिंथेटेज या तिघांपैकी दोन उमटले तर त्या कर्करोगाच्या आहेत याला भक्कम पुष्टी मिळते, सीके-७ आणि सीके-१९ पित्तनलिकेकडे बोट दाखवतात. एवढं सगळं त्या शेवयीसारख्या धाग्यातून काढायचं असतं. म्हणूनच बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणाऱ्या एफएनएसीपेक्षा धागा काढणारी कोअर बायोप्सी इथे उजवी ठरते. पेशी सुट्या दिसल्या तर त्या वाईट आहेत एवढं कळतं, पण त्यांची रचना कळत नाही, आणि रंगांसाठी ऐवजही कमी पडतो.

आता मूळ भीतीकडे. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडून तिथे नवी गाठ होते का? होते. ‘गट’ या नियतकालिकात २००८ साली आलेल्या एका एकत्रित अभ्यासाने हे प्रमाण २.७ टक्के काढलं, वर्षाकाठी ०.९ टक्के. बाहेरची सुई जागेवर ठेवून आतून नमुना घेण्याच्या पद्धतीत पेशींचा कातडीशी आणि स्नायूशी संपर्क टळतो, त्यामुळे त्यानंतरच्या पुष्कळ मालिकांत आकडा याहून कमी आला आहे. पण वाद टाळायला आपण जुना, मोठा आकडाच धरू. शंभरात सुमारे तीन. हा धोका कोणासाठी मोठा? ज्याची गाठ लहान आहे, जी कापून काढता येईल किंवा ज्याचं यकृत बदलून तो बरा होऊ शकेल, त्याच्यासाठी. बरं होण्याची संधी असताना पोटाच्या भिंतीत नवी गाठ होणं हे मोठं नुकसान आहे. म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णाला विनाकारण सुई लावू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्याची गाठ पोर्टल शिरेत गेली आहे, फुप्फुसात किंवा हाडात पोचली आहे, त्याचा आजार सुईने पसरायचा राहिलेला नाही. तो रक्तातून आधीच पसरला आहे. त्याच्यात सुईच्या वाटेवरची गाठ झालीच तर ती बहुधा महिन्यांनी दिसते, कातडीखाली हाताला लागते, आणि काढून किंवा रेडिएशन देऊन आटोक्यात आणता येते. चुकीच्या औषधावर गेलेले तीन महिने असे परत आणता येत नाहीत. सुईनंतर ‘आजार खवळला’ असं जे वाटतं त्याचा मोठा भाग योगायोग आहे. बायोप्सी होते तेव्हा आजार आधीच वेगाने वाढत असतो; तो पुढेही वाढतोच, आणि दोष सुईला लागतो.

रक्तस्रावाची भीती मला याहून गंभीर वाटते, कारण तो धोका पुढच्या टप्प्यात कमी न होता वाढतो. इटलीत ६८,२७६ यकृत-बायोप्सींचा आढावा १९८६ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू लाखात नऊ होते. गुंतागुंतींपैकी ६१ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांत उघड झाल्या होत्या. सिरॉसिस आणि कर्करोग दोन्ही असलेल्यांत धोका या सरासरीपेक्षा जास्त धरावा लागतो. पण धोका आहे म्हणजे वाट बंद आहे असं नाही. पोटात पाणी असेल, प्लेटलेट फार कमी असतील, तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूने यकृताच्या शिरेत नेऊन आतूनच नमुना घेता येतो. रक्त आलंच तर ते शिरेतच राहतं. ही वाट भोवतालचं यकृत तपासायला उत्तम, नेमकी गाठ गाठायला मात्र प्रत्येक वेळी सोयीची नसते. गाठ यकृताच्या डाव्या भागात असेल तर एंडोस्कोपीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने जठरातून सुई घालता येते. बाहेरून गेलेल्या सुईची वाट जिलेटिनच्या बोळ्याने बुजवता येते. आणि सगळ्यात सोपी युक्ती पुष्कळदा विसरली जाते: आजार मानेच्या गाठीत किंवा छातीच्या भिंतीत पसरलेला असेल तर तिथला तुकडा घ्यावा, यकृताला हात लावायचंच कारण नाही. कावीळ झाली असून पित्तनलिका फुगल्या असतील तर मात्र आधी त्यांची वाट मोकळी करावी, आणि हायडॅटिडची, म्हणजे कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीची, शंका असेल तर अशी सुई घालूच नये.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. बायोप्सीही चुकते. शितावरून भाताची परीक्षा करतो, पण गाठ सगळीकडे सारखी शिजलेली नसते. काही भाग मेलेला, काही जिवंत, काही कडेच्या सिरॉसिसचाच. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत पहिल्या बायोप्सीत ३० टक्के वेळा कर्करोग निसटल्याचं बार्सिलोनाच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं होतं. हा आकडा बायोप्सीच्या विरोधात सर्रास फेकला जातो; तो लहान गाठींचा आहे हे सांगितलं जात नाही. आठ-दहा सेंटिमीटरच्या गाठीत सुईचा नेम सहसा चुकत नाही. तिथे चूक होते ती मधल्या सडलेल्या भागातून नमुना घेतल्याने. रंगद्रव्य शोषणाऱ्या जिवंत कडेतून दोन-तीन धागे घेतले तर ती टळते. एक मात्र पक्कं धरावं: स्कॅन वाईट दिसत असताना तुकड्यात ‘कर्करोग नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ ‘अजून सापडला नाही’ एवढाच, आणि स्कॅन करणारे व तुकडा पाहणारे डॉक्टर एकत्र बसून पुन्हा नमुना घ्यायचा का ते ठरवतात.

रक्ताच्या नमुन्यातून गाठीचा डीएनए शोधणारी ‘लिक्विड बायोप्सी’ सुईची गरजच संपवील, असं आता सांगितलं जातं. तिच्याविषयी मला उत्सुकता आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगात औषध निवडण्याजोगा जनुकबदल शोधायला, किंवा तुकडा अपुरा पडला तर, ती आजही कामाची आहे. पण रक्तात तरंगणारा डीएनए पेशींची रचना दाखवत नाही. क्षयाची गाठ, लिम्फोमा, मिश्र कर्करोग यांचं पहिलं निदान त्यावर सोपवण्याइतकी ती पक्की झालेली नाही.

सुई कुणाला लावू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवं. ज्याचं यकृत थकलं आहे, कावीळ वाढत चालली आहे, दिवसाचा बराच वेळ जो अंथरुणावर आहे आणि कुठलंही कर्करोगाचं औषध ज्याला झेपणार नाही, त्याला फाइल पुरी करण्यासाठी टोचू नये. त्याला वेदनाशमन आणि माणसं लागतात. सिरॉसिसमध्ये स्कॅन नि:संशय असेल तरीही सुई लागत नाही. तिथे अकारण बायोप्सी सुचवली तर घरच्यांनी ‘रिपोर्ट आल्यावर उपचार बदलणार आहे का?’ असं स्पष्ट विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर नकार द्यायला संकोच करू नये. पण उत्तर ‘हो’ असेल तर वेळ घालवण्यासारखी दुसरी चूक नाही. वर सांगितलेल्या सोराफेनिबच्या आणि इम्युनोथेरपीच्या चाचण्या यकृताचं काम बरं चाललेल्या, चाइल्ड-पग ‘ए’ गटातल्या रुग्णांवर झाल्या. औषधाची ती खिडकी आठवड्यांत बंद होऊ शकते. ‘बघू, महिनाभर आयुर्वेदिक करून पाहू, मग सुईचं ठरवू’ यात तीच बंद होते.

म्हणून विनंती एवढीच. तुकडा काढायचा ठरला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. एफएनएसी होणार की कोअर बायोप्सी, ते विचारा. रिपोर्ट हाती आला की त्याच्याबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या आणि कोरड्या, थंड जागी नीट ठेवा. परळला टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या केंद्रात गेलात तर तिथले डॉक्टर बहुधा तोच ब्लॉक पुन्हा तपासायला मागतील. तो जवळ असला तर पुष्कळदा दुसऱ्यांदा सुई लावावी लागत नाही.